भाऊबीजेचे गरम कपडे

परतल्यापासून अडतीवर जो येतो तो एकच विचारतो, "काय, महाबळेश्वर का?" सांगलीच्या माणसाने थंडीत चार दिवस रजा काढली की तो महाबळेश्वरलाच जातो, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. स्ट्रॉबेरी आणली नाही म्हणून दोघेतिघे रुसलेसुद्धा. त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. मी महाबळेश्वरला गेलो नव्हतो. मी पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, माझ्या आक्काच्या गावी गेलो होतो आणि तिथे रानडुकराच्या हाक्याला बसलो होतो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. हळदीच्या पोत्यांत आयुष्य गेलेला मी माणूस. मी गेलो होतो तो कपडे घेऊन.

सांगली

आक्का दिवाळीला माहेरी आली होती. ओवाळून झालं. मी ताटात लुगड्याची घडी ठेवायला वाकलो, तर तिने माझा हात धरला.

"औंदा लुगडं नको बाळू. ह्यांच्यासाठी कापडं घे. गरम."

आक्का मूळची आमच्याच गल्लीतली, पण लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलणं पार वरच्या खोऱ्याचं झालं आहे. 'हे' म्हणजे आमचे दाजी. दाजी फौजेत हवालदार होते. बासष्टच्या लढाईत बर्फात त्यांची बोटं गारठली. कापावी लागली नाहीत एवढंच नशीब. तेव्हापासून थंडी पडली की त्यांच्या हातांत जीव राहत नाही. बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, मग कळा सुरू होतात. आख्खा हिवाळा हा माणूस रात्री नीट झोपत नाही, ओटीवर फेऱ्या मारतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी आक्काने तक्रार केली नसती. पण त्या गावात पीक राखायला लायसनची बंदूक एकच, आणि ती दाजींची. हाका घातला की माणसं डबे वाजवत रान उठवणार आणि दाजी वर ठरलेल्या जागी बसून डुकराची वाट बघणार, ही तिथली रीत. गेल्या हिवाळ्यात डुक्कर समोर आलं आणि दाजींचं बोट चापावर वळलंच नाही. डुक्कर बुजून माघारी फिरलं आणि हाक्यातल्या सदाची मांडी फाडून गेलं. सदा वाचला, पण लंगडतो.

"गावानं एक सबुद काढला न्हाई," आक्का म्हणाली. "पन ह्यांनीच सांगितलंय. ह्या थंडीला एक डाव बसून बघतो. बोट वळलं तर वळलं, न्हाईतर बंदूक तालुक्याला जमा करून येतो. आरं, बंदूक गेली तर ह्यो मानूस बसल्या जागी वाळंल."

माझे दाजी म्हणजे आमच्या घरातला वाघ. लहानपणी त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून मी पाठ केलेला पाढा विसरत असे. हा माणूस वाळणार, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी लुगडं कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात निघालो.

मला वाटलं होतं, एक जाडजूड कोट घेतला की काम फत्ते. लष्कराचा जुना माल विकणारं एक दुकान आहे. त्याचा मालक स्वतः पेन्शनीत निघालेला. मी कोट मागितला, तसा त्याने मला नखशिखांत न्याहाळलं.

"कुनाला? बसायचंय का चालायचंय?"

"डोंगर चढायचा आणि वर जाऊन बसायचं."

"मग कोट एकटा मारतोय की मानसाला! चढताना घामाघूम हुतंय. तसंच बसलं की घाम गार पडतोय. मग वरनं रजई टाका न्हाईतर म्हस टाका, काय उपेग न्हाई." त्याने फळीवरून एकेक कपडा खाली टाकायला सुरुवात केली. "एक जाड घिऊ नका. पातळ पातळ घ्या. आंगाला लोकर, त्यावर लोकर, आन सगळ्यात वर वारं आडवणारं कायतरी. चढताना काढायचं, बसताना घालायचं."

"अंगाला लोकर? चावेल की. आत गंजीफ्रॉक घातला तर?"

"गंजीफ्रॉक घाम पितोय आन पिऊन तसाच बसतोय. लोकर चावंल, पन मारनार न्हाई."

मला पटलं. मी पूर्ण बाह्यांची पातळ लोकरी बंडी घेतली, तशीच तुमान, त्यावर घालायला अंगोल्याचा, म्हणजे फौजेतल्या उबदार लोकरी कापडाचा, शर्ट, हिरवी जर्सी आणि कान झाकणारी टोपी. वारं अडवणाऱ्यासाठी मात्र मी स्वतःचं डोकं लढवलं. मुंबईहून नायलॉनची जाकिटं आली होती, बाटलीच्या हिरव्या रंगाची, पुढे चेन. हातात घेतलं तर वजन नाही आणि तोंडाने फुंकर मारली तर पलीकडे जात नाही! मी ते घरी नेऊन चेन शंभरदा वरखाली केली.

हातमोजे आमच्या हिने विणले. विणण्याआधी तिने विचारलं, "चाप कुठल्या बोटानं ओढतात?" मी म्हटलं, उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या. तर म्हणाली, "नक्की धरून दाखवा." मग स्वयंपाकघरात लाटण्याची बंदूक करून मी कितीतरी वेळ फडताळावर नेम धरून उभा, आणि ती माझ्या बोटाचं माप घेतेय. शेवटी तिने असा मोजा केला की त्या एका बोटाचं टोक उघडतं आणि एरवी वर टोपडं येऊन बटण लागतं. असलं काम मी दुकानात पाहिलेलं नाही.

सगळे कपडे मी अडतीच्या माळ्यावर नीट बांधून ठेवले. पौषात थंडी कडक झाली की न्यायचे, असं ठरलं होतं. माळ्याखाली हळद पॉलिश करायचा पिंप दिवसभर फिरत असतो, हे मला तेव्हा सांगावंसं वाटलं नाही. आता सांगतो. आमच्या सांगलीत हळदीचा वास येत नाही. म्हणजे येतो, पण आम्हाला येत नाही.

पाटणच्या वर

एस.टी.चं सांगत बसत नाही. सगळ्यांनी खाल्लेली धूळच मीही खाल्ली. शेवटची गाडी जिथे रस्ता संपतो तिथे सोडून माघारी गेली आणि मी डोक्यावर गाठोडं घेऊन पायवाटेला लागलो.

एका वळणावर झाडी बाजूला झाली आणि मी थांबलो. खाली धरणाचं पाणी पसरलं होतं. आमची कृष्णा मी रोज बघतो; ती वाहते, घाटाला लागते, तिला अलीकडचा काठ आहे, पलीकडचा आहे. इथे पाणी डोंगरांच्या बोटाबोटांतून आत शिरलं होतं आणि त्याचा शेवट कुठे आहे ते दिसत नव्हतं. ऊन उतरत होतं. एका डोंगरामागे दुसरा, त्यामागे तिसरा, प्रत्येक मागचा थोडा अधिक निळा. माणूस नाही, आवाज नाही. मला उगीचच गाठोडं खाली ठेवून पायातल्या वहाणा काढाव्याशा वाटल्या. काढल्याही. कुणी बघत नव्हतं.

आक्काचं घर भूकंपानंतरचं, पत्र्याचं. दाजी ओटीवर उभे होते. केस पार पांढरे झालेले, पण पाठ अजून ताठ. हात मात्र काखेत दडवलेले.

"या पाव्हणं. सांगलीची थंडी बरी हाय का?"

"आमच्याकडे कुठली थंडी दाजी! संध्याकाळी येते आणि सकाळी चहा पिऊन जाते."

ते हसले. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं गरम, पातळ माडगं आणि ठेचा. आम्ही शाळूची पांढरी भाकरी खाणारे. ती काळी भाकरी बघून मी आधी बिचकलो. पण माडगं पोटात गेल्यावर कानापर्यंत ऊब आली आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. इतक्यात हाक्याचा म्होरक्या तात्याबा आला. तात्याबा म्हणजे वाळलेल्या लाकडासारखा म्हातारा. रान कुठून उठवायचं, वारा कुठून येणार, कोण कुठे उभा राहणार, हे सगळं तोच ठरवतो.

मी मोठ्या ऐटीत गाठोडं सोडलं. तात्याबा पुढे वाकला आणि एकदम मागे सरकला.

"ह्ये काय? कुनाचं लगीन हाय?"

मी कंदील जवळ घेतला. बंडी पिवळी. जर्सी हिरव्यावर पिवळी. आणि त्या पत्र्याच्या खोलीत, बाहेरच्या स्वच्छ हवेनंतर, माझ्या नाकालासुद्धा तो वास आला. जणू आक्काच्या घरात मांडव घातला होता. मी सांगितलं, माळ्यावर ठेवले होते, हळदीची धूळ बसली, झटकली की जाईल. झटकली तर खोलीभर पिवळा धूर झाला आणि आम्ही सगळे शिंकत सुटलो.

तात्याबा मात्र हसला नाही. "पाव्हणं, हळद लागलेल्या आंगानं शिव वलांडायची न्हाई, ही रीत हाय. नवरदेवाला आमी गावदरीच्या भाईर सोडत न्हाई, आन ह्यो नवरदेव घिऊन डुकराम्होरं जायाचं व्हय? त्यात डुकराचं नाक. ह्यो वास खालच्या वाडीपातूर जाईल."

"तात्या, कापडं ती कापडं," दाजी म्हणाले. "माझ्या तर पोरीबी लगीन होऊन नांदायला गेल्या."

"हळदीला काय ठावं, तुझं लगीन कवा झालं?" तात्याबा उठला. "गेल्या सालचं एक झालंय हवालदार. औंदा मी कुनाचंबी रगत बघनार न्हाई."

तो गेला.  दाजींनी मोजा उचलला, बोटाचं टोपडं उघडलं, मिटलं, आणि परत ठेवला. मी एवढा बाजार पालथा घातला आणि शेवटी सोबत काय आणलं, तर सांगली! मला भयंकर लाज वाटली. धुवायचे म्हटले तर त्या थंडीत लोकर चार दिवस वाळली नसती.

पहाटे जाग आली तेव्हा ओटीवर पावलं वाजत होती. चार पावलं तिकडे, चार इकडे. आक्का अंधारात जागी होती. ती म्हणाली, "ऐकतुयास न्हवं? ह्ये असं." थोड्या वेळाने उठून बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "हळद लागलीया तर उतरवू की."

आणि तिने खरंच उतरवली! सकाळी अंगणात दोन पाट मांडले. एकावर दाजी, एकावर ती, मधे कपड्यांचा ढीग. गावातल्या बायका तांब्या घेऊन हजर. कुणी आंब्याचा डहाळा आणला. दाजी म्हणत होते, "आगं काय ह्ये," पण पाटावरून उठले नाहीत. बायकांनी डहाळ्याने दोघांच्या हातांवर आणि कपड्यांवर पाण्याचे थेंब शिंपडले, लग्नात उतरवतात तशी हळद उतरवली आणि मग हट्टच धरला, हवालदारांनी नाव घ्यावं.

दाजींनी छाती पुढे काढली आणि परेडवर ओरडावं तसे म्हणाले, "पारू!"

"आवं असं न्हवं, उखाण्यात!"

"नाव घ्या म्हनलासा. घेतलं."

बायका हसून हसून खाली बसल्या. आक्का पदरात तोंड लपवून हसत होती. ती इतकी हसलेली मी भाऊबीजेच्या ओवाळणीला कधी पाहिली नाही. तात्याबा कडेला उभा राहून सगळं निरखत होता. शेवटी त्याने एकच सांगितलं, "आता गोठ्यात टांगा. शेनाचा धूर द्या. डुकराला गुरांच्या वासाची सवं आसती."

दिवसभर कपडे गोठ्यात टांगले होते. मी धूर करायला बसलो आणि तिथेच माझी फजिती झाली. एक ठिणगी उडून माझ्या लाडक्या नायलॉनच्या जाकिटाला लागली. जळलं नाही, ते आक्रसलं, आणि पाठीवर रुपयाएवढं भोक! शिवाय दाजींनी ते घालून हात हलवला तर करकर करकर. तात्याबा म्हणाला, "ह्येनं डुक्कर न्हाई, आमीच पळून जाऊ." मी चिडलो. वारं तेच अडवणार होतं. शेवटी तोड निघाली. जर्सीवर जाकीट आणि त्यावर दाजींचा जुना लष्करी ओव्हरकोट. कोटाखाली दबलं की करकर बंद होत होती आणि भोकही झाकलं जात होतं. ही युक्ती माझी, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

हाका

उजाडायच्या सुमाराला आम्ही निघालो. गावच्या शिवेवर हाक्याची माणसं जमली होती. तिथे मी सदाला पहिल्यांदा पाहिलं. काळा, रुंद, तिशीचा गडी, खांद्यावर घोंगडी, आणि चालताना एक पाय ओढत. मला वाटलं, हा दाजींशी बोलणार नाही. पण त्याने बंदुकीकडे पाहिलं, दाजींच्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हवालदार, आज बसतासा न्हवं नीट?"

"बसतो गड्या."

"मग आमी उठवतो."

तेवढंच. हाक्याची माणसं खालच्या अंगाने गेली. आम्ही दोघे वर चढायला लागलो. दाजींच्या अंगावर फक्त लोकरी बंडी आणि तिच्यावर शर्ट. बाकी सगळं माझ्या पाठीवर. ते पुढे, मी मागे धापा टाकत. करवंदीच्या जाळ्या, मग जांभळीची गर्द राई, पायाखाली दवाने भिजलेला पाचोळा. एके ठिकाणी दाजी थबकले आणि त्यांनी हात मागे करून मला दाबलं. समोर झाडीत काहीतरी मोठं काळं उभं होतं. मला आधी खडक वाटला. मग त्या खडकाने मान वळवली. गवा! आमच्या शेजारच्या गवळ्याची सगळ्यात थोरली म्हैस याच्यापुढे वासरू दिसली असती. त्याच्या पायांत गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे होते आणि नाकातून वाफ निघत होती. त्याने आमच्याकडे बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून, सावकाश, एक काडी न मोडता निघून गेला. एवढा देह आणि आवाज नाही. माझं तोंड किती वेळ उघडं होतं कोण जाणे.

"थंडी न्हाई वाजत त्येला?" मी पुटपुटलो. भीतीने माझीही भाषा बदलली होती.

"त्येला सांगलीची कापडं न्हाईत," दाजी म्हणाले.

बसायची जागा वरच्या धारेवर, दोन खडकांच्या मधे. तिथून खोरं दिसत होतं, म्हणजे खोरं दिसत नव्हतं. खाली सगळीकडे दाट पांढरं धुकं आणि त्यातून डोंगरांचे फक्त माथे वर आलेले. मी आयुष्यात इतकं मोठं काही पाहिलेलं नाही. असं बघताना माणसाला देवळात येतं तसं रडू का येतं, ते मला सांगता येत नाही.

पण वाराही तसाच होता. मी कामाला लागलो. चढून घाम आला होता. तो शर्टात होता, अंगावर नव्हता, बंडी आत कोरडीच होती. दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार केला. ओला शर्ट काढून टाकला, गाठोड्यातला दाजींचाच दुसरा कोरडा घातला, मग जर्सी, मग जाकीट, मग कोट, कानटोपी, मोजे. दाजी लहान मुलासारखे हात वर करून उभे होते. बंदूक त्यांनी समोरच्या खडकावर नीट आडवी ठेवली, नळी पुढे. हात कोटाच्या आत घेतले आणि म्हणाले, "पाव्हणं, बोटास्नी घाम यायला लागलाय."

मी खुशीत आलो. बोट वळणार होतं. बंदूक तालुक्याला जाणार नव्हती.

खालून, खूप लांबून, डबे वाजायला लागले. आरोळ्या उठल्या. हाका धुक्यातून वर सरकत होता. मी समोरच्या जाळीवर डोळे लावून बसलो. बराच वेळ गेला. शेजारी काहीतरी घरघरलं. मला वाटलं, डुक्कर आलं. वळून पाहिलं, तर दाजी झोपले होते.

खडकाला पाठ, मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. कपाळावरची ती कायमची गाठ सुटलेली. हात कोटाच्या आत, पोटाशी. पहाटेची ती चार पावलं मला आठवली. इतक्या हिवाळ्यांनंतर हा माणूस नखापासून डोक्यापर्यंत गरम झाला होता आणि त्याच्या शरीराने लगेच स्वतःचं देणं वसूल केलं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्याच वेळी जाळी हलली.

डुक्कर बाहेर आलं. एकटा फिरणारा मोठा नर, मानेवर केस उभे, सुळे पिवळे. आमच्यापासून दोन खाटांच्या अंतरावर थांबलं. त्याच्या अंगाची वाफ मला दिसत होती, श्वास ऐकू येत होता. हे असलं जनावर सदाच्या अंगावर गेलं होतं, आणि तरी तो आज खाली डबा बडवत होता! माझा हात दाजींच्या खांद्यावर होता. दाबला असता तर जागे झाले असते. बोट वळलं असतं, मला खात्री होती. मी दाबला नाही. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. पण नुसती भीती नव्हती. ती झोप मला मोडवली नाही. डुकराने एकदा फुस्स केलं, चिखलात खूर रोवले आणि धार ओलांडून पलीकडे उतरलं.

सगळ्यात आधी वर आला तो सदा. लंगडत, धापा टाकत, हातात काठी. त्याने चिखलातले खूर पाहिले. मग आडवी ठेवलेली बंदूक पाहिली. मग दाजींना. त्याचा चेहरा असा झाला की मी उभा राहिलो.

"आरं, म्होरनं गेलंय की! आमी खाली मरायचं आन ह्ये..."

"मी उठवलं नाही," मी म्हणालो. "त्यांचा दोष नाही. माझ्यासमोरून गेलं. मी उठवलं नाही."

"का?"

 मी नुसता दाजींकडे हात केला. सदा जवळ आला. वाकून बघत राहिला. दाजी घोरत होते. मागून तात्याबा आणि बाकीची माणसं येत होती, डबे खणखणत होते. सदाने वळून त्यांना हात केला तशी ती गप्प झाली. मग त्याने खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली, आणि दाजींच्या पायांवर टाकली.

आम्ही सगळे तिथे बसलो. कुणी बिडी पेटवली नाही. धुकं हळूहळू उतरलं, खालचं पाणी दिसायला लागलं, ऊन आमच्यापर्यंत आलं, तरी कुणी उठलं नाही. मी बाजारात ज्या माणसांबरोबर उठतो-बसतो, ती भली आहेत. पण फुकट गेलेल्या हाक्यानंतर अशी बसली असती की नाही, सांगता येत नाही.

ऊन डोळ्यांवर आलं तसे दाजी जागे झाले. भोवती माणसं, पायांवर घोंगडी. झटकन बंदुकीकडे हात गेला.

"आलं व्हतं?"

सदा म्हणाला, "न्हाई आलं हवालदार. हाका फुकट गेला."

"न्हाई आलं," तात्याबा म्हणाला.

त्यांच्यासमोर, ओल्या मातीत, बशीएवढे खूर उमटले होते. दाजींनी ते पाहिले. सदाकडे पाहिलं. मोजे काढले आणि उजव्या हाताचं ते एक बोट उन्हात धरून वळवलं, सरळ केलं, वळवलं. सगळ्यांनी पाहिलं. बोट वळत होतं.

मग त्यांनी बंदूक उचलून सदाच्या हातात दिली.

"उद्या तू बस. मी हाका घालतो."

"आवं, काय बोलतासा! बोट वळतंय की. आन लायसन तुमचं."

"लायसन माझं, बोट तुझं. आज दिसभर मी मागं हुबा ऱ्हाऊन शिकवतो. पन बसनं माझं काम न्हाई ऱ्हायलं गड्या. बसलं की एक तर हात मरतोय, न्हाईतर म्या झोपतोय." ते हसले. "चालत्या मानसाला थंडी न्हाई. आन खाली हुबं ऱ्हायाची माझी पाळी हाय. गेल्या साली तू हुबा व्हतास."

सदा मान खाली घालून बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवत राहिला.

घरी आल्यावर आक्काने काही विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.  डुकराचं, बंदुकीचं तिने काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "किती येळ झोपलं?"

"ऊन डोळ्यांवर येईपर्यंत."

ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी हाक्याबरोबर खालून गेलो. सांगलीचा माणूस, पण डबा वाजवायला काय लागतं! रांगेत सगळ्यात पुढे दाजी होते. चढ लागला तसा त्यांनी न थांबता कोट काढून मागे माझ्याकडे फेकला. थोडं वर गेल्यावर जाकीट. मग जर्सी. मग शर्ट. मग मोजे. मी ते कपडे छातीशी कवटाळून त्यांच्यामागे धावत होतो, माझा डबा कधीच पडला होता, आणि पुढे एका बंडीवर तो म्हातारा दोन्ही हात उंच करून असा ओरडत होता की पलीकडच्या डोंगरातून आवाज परत येत होता.